१११११११११ चा वर्ग : एक्सेल चुकतंय की मी?

हिशेबनीस (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, गणिताचा धागा आहे पण पळून जाऊ नका, साधाच प्रश्न आहे. लेक सहावीतून सातवीत गेली, सुट्टीत मोबाईल सोडत नाही म्हणून तिला उद्योग दिला की नुसते एक लिही आणि त्यांचा वर्ग कर. ११ चा १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. तिला गंमत कळली, डोंगर चढायचा आणि उतरायचा. पुढचे गुणाकार तिने केलेच नाहीत, नऊ एकांच्या समोर थेट १२३४५६७८९८७६५४३२१ लिहून मोकळी. मी म्हटलं थांब, असं अंदाजपंचे चालत नाही, तपासू. एक्सेल उघडलं, गुणाकार टाकला, आधी १.२३४५७ई+१६ असलं काहीतरी आलं, मग सेलचा फॉरमॅट बदलला तर १२३४५६७८९८७६५४३००. शेवटी दोन शून्यं! लेक म्हणते बाबा तुमचा कॉम्प्युटर नापास. मी २२ वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, एक्सेलवर संशय घ्यायची सवय नाही हो. नक्की कोण बरोबर?

रिकामटेकडा (९:५१)

लेक बरोबर. एक ने संपणाऱ्या संख्येला एक ने संपणाऱ्या संख्येने गुणलं की उत्तर एक नेच संपणार, यात एक्सेलचा बापही काही करू शकत नाही. कुल्फी द्या पोरीला.

कोडेवाली (१०:०८)

एक्सेल चुकत नाहीये, त्याची पाटी लहान आहे. ते कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंक दाखवतं, पुढच्या सगळ्या जागी शून्य. तुमची संख्या १७ अंकी, म्हणून शेवटच्या २१ चं ०० झालं.

आणि आतली गोष्ट अजून मजेशीर आहे. बरेच प्रोग्राम संख्या ज्या पद्धतीने साठवतात त्यात ९००७१९९२५४७४०९९२ म्हणजे दोनाचा ५३ वा घात, इथपर्यंतच प्रत्येक पूर्णांक नीट बसतो. त्याच्या पुढे फक्त सम संख्या मावतात, विषम मावतच नाहीत. आपली संख्या या हद्दीच्या पुढची आणि वर विषम. म्हणून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हाच गुणाकार करा, १२३४५६७८९८७६५४३२० येईल. एक ने कमी. पायथन नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत करा, शेवटी बरोब्बर २१ येतं, कारण तिथे पूर्णांकाला लांबीची हद्द नाही.

हिशेबनीस (१०:१५)

अगं बाई! म्हणजे आमच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वी झालेला घोळ हाच होता तर. १६ आकडी खाते क्रमांकांची यादी कोणीतरी एक्सेलमध्ये साधे नंबर म्हणून टाकली, सगळ्या खात्यांचा शेवटचा आकडा शून्य, अर्धी पेमेंट परत आली आणि सगळे जण टाईप करणाऱ्या पोरावर खेकसले. बिचारा शपथा घेत होता की मी बरोबर टाकलं होतं. आता आकड्याच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी मारतो आम्ही म्हणजे तो मजकूर समजला जातो, पण का मारतो ते आज कळलं.

निवृत्त मास्तर (१०:४४)

एक्सेलचं झालं असेल तर पोरीच्या डोंगराकडे वळू का? कारण तिने उत्तर बरोबर लिहिलं पण ते तसंच का येतं ते तिला कळलंय का, हे तिच्या बाबांनी विचारलेलं दिसत नाही. (रागावू नका हिशेबनीस, ३४ वर्षांची खोड आहे.)

गुणाकार उभा मांडा. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचं म्हणजे नऊ ओळी, प्रत्येक ओळ तीच, १११११११११, फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकलेली. आता ओळी विसरा आणि उभे रकाने बघा. सगळ्यात उजव्या रकान्यात एकच १. त्याच्या शेजारी दोन १. मग तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळींचा एकेक १ येतो, आणि तिथून पुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात म्हणून ८, ७, ६. तिने लिहिलेले अंक म्हणजे त्या त्या रकान्यात किती ओळी एकमेकींवर आल्या त्याची मोजदाद आहे, बाकी काही नाही. सगळ्या अंकांची बेरीज करा, ८१ येईल. येणारच, नऊ गुणिले नऊ एक मांडले होते, तेच मोजले.

ही मोजदाद तुम्ही सगळ्यांनी दुसरीकडे केलेली आहे. व्यापार खेळताना दोन फासे टाकतो ना? २ यायचा एकच मार्ग, ३ यायचे दोन, ४ यायचे तीन, ७ यायचे सहा, मग परत उतरत १२ यायचा एक. १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. आता सहा एक घ्या, म्हणजे ११११११. त्याचा वर्ग १२३४५६५४३२१. फाशाच्या सहा बाजू म्हणून सहा एक. बेरीज ३६, म्हणजे दोन फाशांच्या सगळ्या शक्यता.

रिकामटेकडा (१०:५२)

मास्तर __/\__

व्यापारात जेल का एवढ्या वेळा लागतं ते नाही कळलं अजून, पण हे भारीच.

पुणेरी_पाटी (११:०३)

हे सगळं वैदिक गणितात आहे. आपल्या लोकांना किंमत नाही, परदेशातून आलं की टाळ्या.

पोथीवाचक (११:३१)

वेदांत नाहीये हो. पण जुन्या ग्रंथात आहे, आणि ते खरंच वाचण्यासारखं आहे, तर उगाच भलत्याच्या नावावर कशाला खपवायचं?

महावीराचार्य नावाचे जैन गणिती होते, काळ इसवी सन ८५० च्या आसपास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या राजवटीत. त्यांच्या गणितसारसंग्रहात सुरुवातीलाच अमोघवर्षाची स्तुती आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कर्नाटकातलं मळखेड, आणि आपला बराचसा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता, वेरूळचं कैलास लेणं त्याच घराण्यातल्या आधीच्या राजाचं. तर त्या ग्रंथात गुणाकाराच्या प्रकरणात अशी मुद्दाम शोधून काढलेली उदाहरणं दिलीयेत की ज्यांचं उत्तर गळ्यातल्या हारासारखं दोन्हीकडून सारखं दिसावं. त्यातलं एक, २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा. करून बघा. १२३४५६५४३२१. हो, मास्तरांच्या फाशांचीच संख्या! आणि तिचं वर्णन कसं केलंय तर “एकादिषडन्तानि क्रमेण हीनानि”, एकापासून सुरू होऊन सहापर्यंत जाणारी आणि मग क्रमाने कमी होत जाणारी. अकरा अंकांची नावं घ्यायची गरजच नाही, चढण सांगितली, माथा सांगितला, उतरण सांगितली.

दुसरं एक आहे, १५२२०७ गुणिले ७३, उत्तर आठ एक. आणि तिसरं तर शाळेत सगळ्यांनी केलंय, १२३४५६७९ गुणिले ९.

चिऊकाऊ (११:४०)

ते १२३४५६७९ वालं!!! आमच्या गुरुजींनी चौथीत करून दाखवलं होतं. विचारायचे तुझा आवडता अंक कोणता, मी म्हटलं सात, म्हणाले मग या संख्येला ६३ ने गुण. अख्खा तास घालवला गुणाकारात आणि आलं ७७७७७७७७७. मला वाटलं गुरुजींना जादू येते. पण त्यात ८ का नाहीये? मी तेव्हाही विचारलं होतं, गुरुजी म्हणाले ८ गावाला गेलाय.

निवृत्त मास्तर (११:५८)

आठ गावाला गेला नाही, त्याला हातच्याने ढकललं. आणि हिशेबनीस, इथेच तुमच्या लेकीला उद्याचा अभ्यास आहे. तिला सांगा आता दहा एक घे. डोंगर कसा होतो ते नुसतं लिहून टाकू नकोस, मांडून कर.

झोपतो. बीपीची गोळी राहिली.

हिशेबनीस (सोमवार, सकाळी ८:१२)

लाईट गेली होती सकाळी सहापासून त्यामुळे मोबाईल चार्ज नाही, त्यामुळे लेकीला दुसरा पर्याय नव्हता. गॅलरीच्या फरशीवर खडूने दहा ओळी मांडल्यात. एकेक घर सरकवत सरकवत शेवटची ओळ कुंडीला जाऊन टेकली, कुंडी हलवली. रकाने मोजले तर मधल्या रकान्यात १० आले आणि ती थांबली. “बाबा, दोन अंक एका घरात कसे लिहू?” मी काही बोललो नाही. मग स्वतःच म्हणाली, शून्य लिहिते आणि हातचा एक. डावीकडच्या ९ मध्ये तो एक गेला, झाले दहा, परत शून्य, परत हातचा. त्याच्या डावीकडच्या ८ चे झाले ९ आणि तिथे हातचा संपला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. तिचं तोंड एवढंसं झालं, डोंगर मोडला म्हणून. मग ओरडली, आठ गेला बाबा!

निवृत्त मास्तर (८:३०)

शाब्बास. हेच.

चिऊकाऊ, हाच तुमच्या गुरुजींचा आठ. १ ला ८१ ने भागत बसा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९०१२… असं चालत राहतं, तिथेही आठ नाही. खरं तिथे १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२ असे सगळे आकडे ओळीने एकेका घरात बसायला बघतात, पण १० एका घरात मावत नाही, त्याचा हातचा ९ ला लागतो, ९ चा ८ ला. बळी आठाचा. आणि नऊ एकांचा वर्ग म्हणजे ८१ गुणिले १२३४५६७९ चा वर्ग, तेव्हा ही सगळी एकाच घरातली भावंडं.

कोडेवाली (९:२०)

डोंगर मोडला याचं दुःख करू नये, दहावर मोडतो कारण आपल्याला बोटं दहा. आम्ही प्रोग्रामवाले सोळाच्या पायावर मोजतो तिथे हातचा सोळाला येतो, त्यामुळे पंधरा एकांपर्यंत चढण शाबूत असते, नवानंतर दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ आणि परत खाली.

डोंबिवलीकर (१०:०५, लोकलमधून)

काल रात्रीपासून धागा वाचतोय आणि कोणी डोंबिवलीचं नाव काढत नाहीये हे बघून शेवटी ठाकुर्लीच्या पुढे उभ्या उभ्या एका हाताने टाईप करतोय. या संख्यांना नाव आहे! डेमलो संख्या. गणिती द. रा. कापरेकरांनी दिलेलं. आणि डेमलो म्हणजे आपली डोंबिवली, जीआयपी रेल्वेच्या (आजची मध्य रेल्वे) काळातलं स्टेशनचं नाव, मुंबईपासून तीस मैल. या संख्यांची कल्पना त्यांना त्या स्टेशनावर सुचली म्हणून स्टेशनचं नाव दिलं. लोक मुलाबाळांची नावं देतात, राजेमहाराजांची देतात, या माणसाने स्टेशनचं दिलं.

रिकामटेकडा (१०:०९)

गाडी चुकली असणार. डोंबिवलीला उभं राहून माणसाला दुसरं काय सुचणार. (हलके घ्या.)

डोंबिवलीकर (१०:११)

तुम्ही गर्दीच्या वेळी येऊन दाखवा, एक सुद्धा संख्या सुचली तर मी वडापाव देतो.

नाशिकचा_नातू (११:२५)

कापरेकरांचा विषय निघाला की सगळे ६१७४ या त्यांच्या प्रसिद्ध संख्येवर जातात म्हणून आधीच सांगतो, ते सगळ्यांना माहिती आहे, ते आज नको. डेमलोबद्दल थोडं. जन्म त्यांचा डहाणूचा, १९०५ चा, शिक्षण ठाणे आणि मग फर्ग्युसन, तिथे असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक. त्यानंतर देवळालीत शाळामास्तर, १९६२ ला निवृत्त होईपर्यंत. डेमलो संख्यांवर गुंजीकरांबरोबर त्यांचा लेख १९३९ चा, मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये.

डेमलोची व्याख्या मात्र फक्त “एकांचा वर्ग” एवढी नाहीये. संख्येचे तीन तुकडे करायचे, डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा मिळवले की एकच अंक पुन्हा पुन्हा यायला हवा आणि मधल्या तुकड्यात तोच अंक हवा. १६५ घ्या, १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ घ्या, २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता आपली संख्या. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. मिळवा, ९९९९९९९९. आठ नऊ, आणि मध्ये नऊ बसलाय. डोंगराची डावी बाजू उजव्या बाजूवर उपडी ठेवली की सपाट पठार होतं.

लेकीच्या मोडलेल्या डोंगरालाही लावून बघा. हातचा द्यायच्या आधी डावीकडे १२३४५६७८९, मध्ये १०, उजवीकडे ९८७६५४३२१. बेरीज १११११११११०, म्हणजे नऊ एकांच्या दहापट. मध्ये दहा. नियम मोडलेला नाही, लिहायची जागा अपुरी पडली इतकंच.

पुणेरी_पाटी (११:५०)

मग ही कापरेकर संख्या पण झाली का? त्याची व्याख्या पण तुकडे करून बेरीज अशीच आहे ना.

नाशिकचा_नातू (१२:१०)

नाही, पण प्रश्न चांगला आहे, कारण थोडक्यात चुकते. कापरेकर संख्येत वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत यावी लागते. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ बरोबर २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ अधिक २०९ बरोबर ७०३. आता १११११११११ चा वर्ग तोडा, उजवीकडचे नऊ अंक वेगळे. १२३४५६७८ अधिक ९८७६५४३२१. येतात ९९९९९९९९९. मूळ संख्या नाही आली, तिची नऊपट आली. म्हणजे कापरेकर संख्या नाही.

हर्षद मात्र आहे. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग गेला की कापरेकर त्या संख्येला हर्षद म्हणायचे, हर्ष देणारी. बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. हा भागाकार १२३४५६७९ चा वर्ग आहे, मास्तर वर म्हणालेत तेच.

अवांतर: डोंबिवलीकरांनी फार चढून जाऊ नये, देवळालीच्या नावाच्याही संख्या आहेत. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू, तिलाच देवळाली संख्या म्हणतात. २०, ३१, ४२.

डोंबिवलीकर (१२:१४)

पण आमच्याकडे फास्ट थांबते.

चिऊकाऊ (दुपारी २:२०)

एक बाळबोध प्रश्न, ही संख्या मोठ्याने वाचायची कशी? मी ऑफिसात प्रयत्न केला, एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटीचे कोटी! शेजारची विचारते कुणाचा घोटाळा.

पोथीवाचक (२:५५)

लीलावती उघडा. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये अठरा घरांची नावं एका दमात दिलीयेत, एक दश शत सहस्र अयुत लक्ष प्रयुत कोटी, अर्बुद अब्ज खर्व निखर्व महापद्म शंकू, जलधी अंत्य मध्य परार्ध. प्रत्येक घर आधीच्याच्या दहापट आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव, “दहा लाख”, “दहा कोटी” अशी जोडकामं नाहीत. (शाळेतल्या आजच्या यादीत अब्जानंतर दशअब्ज येतं म्हणून खर्व एक घर पुढे सरकतो, गल्लत करू नका.) आता वाचा:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

सतरा अंक आणि अठरा नावं, फक्त परार्ध मोकळा राहिला. आणि गंमत बघा, मध्य नावाचं घर पार डाव्या टोकाला आहे आणि संख्येच्या खऱ्या मध्यावर बसलाय अर्बुद. हे दोनदा मोठ्याने म्हणा, ठेका धरला जातो आपोआप.

चिऊकाऊ (३:०१)

म्हटलं. शेजारची आता जागा बदलून मागतेय.

बाकीशून्य (संध्याकाळी ७:१८)

दिवसभर लेक्चर होती म्हणून उशिरा आलो. सगळं छान झालं पण या संख्येच्या पोटात काय आहे हे कोणीच उघडलं नाही, म्हणजे मूळ अवयव. बाहेरून एवढी नटलेली आहे तर आत बघायला नको?

वर्ग आहे, तेव्हा नऊ एकच फोडू. तीन तीनचे गट पाडा, १११ १११ १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. पहिला तुकडा ३ गुणिले ३७. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ३, तेव्हा ३ ने भाग जातो, उरतात ३३३६६७. आता हा शेवटचा फुटतो का? वर्गमूळ ५७७ आणि थोडं, तेव्हा ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, शंभरावर आहेत, कंटाळा. पण इथे एक पळवाट आहे. अशा एकांच्या संख्येला भागणारी मूळ संख्या वाटेल ती नसते. ३ आणि ३७ सोडले तर ती १८ ने भागल्यावर १ उरणारीच असावी लागते. का, तर दहाचे घात घेत गेलं की अशा संख्येने भागून उरणारी बाकी नवव्या पावलाला परत १ वर येते, आधी नाही, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाने ते नऊ, त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर जे उरतं त्याला भागायला हवं. वर ती विषम, म्हणून अठरा. राहिल्या किती? १९, ७३, १०९, १२७ असं करत ५७७ पर्यंत फक्त सोळा. ३ ने जात नाही, बेरीज २८. ३७ ने भागलं तर बाकी १. १९ ने बाकी ८. ७३ ने ५७. असं करत शेवटी ५७७, तेही नाही, बाकी १६१. चहा गार व्हायच्या आत संपतं. ३३३६६७ मूळ संख्या आहे.

म्हणजे आपली संख्या = ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजक ५ गुणिले ३ गुणिले ३ म्हणजे ४५. विषम येणारच, पूर्ण वर्ग आहे.

३७ डोळ्यांनीही दिसतो. उजवीकडून तीन तीनचे गट करून मिळवा: १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१. बेरीज २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. आणि ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७.

नऊ एक फुटले कारण नऊच फुटतो, तीन त्रिक नऊ. एकांची संख्या मूळ हवी असेल तर एक किती लिहिले तो आकडा आधी मूळ हवा, पण तेवढ्याने भागत नाही, तीन एक फुटतात, पाच एक फुटतात, सात फुटतात. दोन एक, ११, मूळ. त्यानंतर थेट एकोणीस एक! मग तेवीस. मग उडी ३१७ वर, मग १०३१ वर. एकोणीस एक मूळ आहेत हे ऑस्कर होपेने दाखवलं, कॉम्प्युटर नव्हता तेव्हा.

रिकामटेकडा (७:४०)

फर्मापाशी माझी गाडी घसरली पण शंभरावरून सोळावर आणून सोडवलंत हे कळलं. वाचनखूण साठवली.

कोडेवाली (८:०५)

बाकीशून्य सर, मग हे पण सांगायला हवं. लेकीचा डोंगर दहावर मोडला तेव्हा तिने दहा एका घरात कोंबले नाहीत. समजा कोंबलेच, म्हणजे हातचा न देता चक्क १ ते १० लिहून परत १ पर्यंत उतरलो: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस अंक, मधे १० चा कुबड, उलटी वाचली तर सारखी पण नाही. ही मूळ संख्या आहे! आत्ता पायथनमध्ये परत तपासली. १ ते २ ते १, १ ते ३ ते १, असे याच्या आधीचे सगळे फुटतात, कारण नऊपर्यंतचे सगळे वर्गच आहेत. पहिली मूळ ही बेढब.

बाकीशून्य (८:२२)

हो, माझी आवडती आहे. हिशेबनीस, तुमच्या लेकीला अर्धवट तपासायला द्या. ७, ११ आणि १३ एकदम तपासता येतात कारण तिघांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन तीनचे गट पाडायचे आणि एक मिळवायचा, एक वजा करायचा. ३२१ वजा ६५४, अधिक ९८७, वजा ९१०, अधिक ६७८, वजा ३४५, अधिक १२. उरतात ८९. आता फक्त ८९ ला भागून बघा, ७ ने बाकी ५, ११ ने १, १३ ने ११. तिघांनीही भाग जात नाही.

हिशेबनीस (रात्री ९:५०)

दिलं. गॅलरीतल्या फरशीवर आता जागा नाही म्हणून जिन्यात गेलीय, वॉचमनने विचारलं रांगोळी का. ८९ पर्यंत आली, टाळ्या वाजवल्या. मग म्हणे १७ चं काय. मी कोडेवालींना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, त्यांनी सांगितलं १७ ला आठ आठचे गट पाड, वजा अधिक तसंच. ८७६५४३२१ वजा ५६७८९१०९ अधिक १२३४. आले ३०८६६४४६. त्याला १७ ने भागलं लांब भागाकार करून, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बाकी ५.

आता १९ करायचंय म्हणते. मी तिला समजावलं की बाळा असं एकेक करत वर्गमूळापर्यंत जावं लागतं आणि याचं वर्गमूळ ३५१ कोटींच्या आसपास आहे. म्हणाली, शाळा १५ जूनला आहे.